पॉइंटर वाढवण्यासाठी निवडलेला ‘सोपा’ विषय: स्वयम्-एनपीटीईएलच्या दोन अभ्यासक्रमांचे परीक्षण

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विषयनोंदणी सुरू झाली की वसतिगृहातील प्रत्येक खोलीत एकच चौकशी चालते: कोणते इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) सोपे आहे, कोणत्या विषयाला गुण भरभरून मिळतात आणि कोणत्या विषयाच्या वाटेला जाऊ नये. मी सांगली जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या सातव्या सत्रात शिकते. गेल्या वर्षभरात मी चार इलेक्टिव्ह विषय पूर्ण केले. त्यांपैकी दोन स्वयम् संकेतस्थळावरील एनपीटीईएलचे ऑनलाइन अभ्यासक्रम होते आणि दोन महाविद्यालयातच शिकवले जाणारे होते. एनपीटीईएलविषयी लिहिताना बहुतेक जण ज्ञानाविषयी किंवा प्रमाणपत्राविषयी लिहितात. ज्यांनी हे अभ्यासक्रम मुख्यतः पॉइंटर, म्हणजे दहापैकी मोजली जाणारी ग्रेड-गुणांची एकूण सरासरी (सीजीपीए), सुधारण्यासाठी घेतले, त्यांना त्याचा किती उपयोग झाला, हे मात्र कोणी आकड्यांनिशी सांगत नाही. मला निवड करताना नेमकी हीच माहिती हवी होती आणि ती मिळाली नव्हती, म्हणून हे परीक्षण मी त्याच अंगाने लिहिते आहे.

चौथ्या सत्राच्या शेवटी माझा पॉइंटर ६.५३ होता. गणित-३ आणि ऊष्मागतिकी या दोन विषयांनी तो खाली ओढला होता. कॅम्पस मुलाखतींसाठी येणाऱ्या अनेक कंपन्या ६० टक्क्यांची अट घालतात. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) समकक्षता तक्त्यानुसार ६.७५ पॉइंटर म्हणजे ६० टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के. आमचे महाविद्यालय हाच तक्ता वापरते. म्हणजे सहाव्या सत्राच्या अखेरीस ६.७५ ही रेषा ओलांडणे ही माझी किमान गरज होती आणि ७ ही इच्छा होती. वरच्या वर्गातील सर्वांचा सल्ला एकच होता, की मुख्य विषयांत फार काही बदलणार नाही, तेव्हा इलेक्टिव्ह सोपे घे.

हा सल्ला कितपत खरा आहे, हे निवड करण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावे, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन. चार सत्रांत माझी ८० क्रेडिट (प्रत्येक विषयाला दिलेले वजन) झाली होती आणि त्यांचे ग्रेड-गुण, म्हणजे प्रत्येक विषयाच्या श्रेणीचे दहापैकी गुण गुणिले क्रेडिट, ५२२ होते. पुढच्या दोन सत्रांत आणखी ४० क्रेडिट होती, त्यांतील केवळ १२ इलेक्टिव्हची, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे चार विषय. मुख्य विषयांच्या २८ क्रेडिटमध्ये सरासरी ७ आणि इलेक्टिव्हमध्येही ७ मिळाले असते, तर सहाव्या सत्राअखेर पॉइंटर ६.६८ झाला असता. चारही इलेक्टिव्हमध्ये ९ मिळाले असते, तर तो ६.८८ झाला असता. चार विषयांत ‘बी प्लस’ (७) ऐवजी ‘ए प्लस’ (९) मिळवूनही एकूण फरक ०.२ एवढाच पडतो. ७ गाठण्यासाठी मला दोन्ही सत्रांत मिळून ७.९५ ची सरासरी हवी होती, आणि ती केवळ इलेक्टिव्हच्या बळावर येणे शक्यच नव्हते. मात्र ६.६८ आणि ६.८८ यांच्या मध्ये माझी ६.७५ ची रेषा होती. त्यामुळे माझ्यापुरता तो ०.२ चा फरक खरोखर मोलाचा होता. ज्याचा पॉइंटर ८.१ आहे किंवा ५.६ आहे, त्याने सोप्या विषयामागे धावण्यात वर्षाची इलेक्टिव्ह घालवू नयेत, कारण त्याच्या बाबतीत त्या ०.२ ने ६० टक्क्यांची अट ओलांडली जात नाही.

आता सेवेविषयी. एनपीटीईएल हा सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. स्वयम् हे केंद्र सरकारचे संकेतस्थळ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले आणि अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम त्यावर एनपीटीईएलमार्फत येतात. चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला एक, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला दोन आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तीन क्रेडिट धरली जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घेण्याची मुभा दिली होती आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. आपले महाविद्यालय प्रत्यक्षात किती क्रेडिट स्वीकारते आणि कोणत्या विषयांची स्वीकारते, हे मात्र विभागात विचारूनच ठरवावे. आमच्याकडे विभागाने मान्य केलेल्या यादीतीलच अभ्यासक्रम चालतात.

गुणांची रचना नीट समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण ‘एनपीटीईएल सोपे असते’ या समजाचा उगम याच रचनेच्या अर्ध्या भागात आहे. एकूण १०० गुणांपैकी २५ दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि ७५ शेवटच्या परीक्षेचे असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहांची. असाइनमेंट घरी बसून सोडवायच्या असतात आणि मुदतीपूर्वी उत्तरे कितीही वेळा बदलून पाठवता येतात. शेवटचे उत्तर धरले जाते. परीक्षा मात्र नेमलेल्या केंद्रावर, संगणकावर, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली तीन तासांची असते. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्ही स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. बेरीज ४० च्या वर गेली तरी यांपैकी एक अट अपुरी राहिल्यास विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. ६० पासून ‘एलिट’, ७५ पासून ‘एलिट आणि सिल्व्हर’ आणि ९० पासून ‘एलिट आणि गोल्ड’ असे शेरे प्रमाणपत्रावर येतात. स्वयम्‌वरील सर्वच अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत, हेही लक्षात ठेवावे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) किंवा सीईसी (कन्सॉर्शियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन) यांच्यामार्फत येणाऱ्या अभ्यासक्रमांत असाइनमेंटचे ३० आणि परीक्षेचे ७० गुण असतात आणि ती परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते.

पाचव्या सत्रात मी आयआयटी रोपडचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथॉन’ हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. सुदर्शन अय्यंगार हे त्याचे प्राध्यापक आहेत. तो मी निवडला, त्यामागे दोन कारणे होती: नवशिक्यांसाठी असल्याची नोंद अभ्यासक्रमावरच होती आणि यंत्र विभागाने तो मुक्त इलेक्टिव्ह म्हणून मान्य केला होता. मला त्यापूर्वी प्रोग्रामिंगचा अनुभव जवळजवळ नव्हता. पहिल्या वर्षी ‘सी’ भाषा होती, पण ती मी प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवून पार केली होती.

या अभ्यासक्रमाचे शिकवणे मला मनापासून आवडले, कारण त्यात व्याकरण आधी आणि उदाहरण नंतर असा क्रम नाही. साप-शिडी, दगड-कागद-कात्री, शब्दांतील अक्षरे उलटसुलट करण्याचा खेळ, मॉण्टी हॉलचे तीन दरवाजांचे कोडे, शाळेत मुले नावांची अक्षरे खोडून खेळतात तो फ्लेम्सचा खेळ, अशा गोष्टी घेऊन प्रत्येक वेळी प्रश्न मांडला जातो आणि मग तो सोडवण्यासाठी लागेल तेवढीच भाषा शिकवली जाते. वाढदिवसाचे कोडे मला विशेष लक्षात राहिले. २३ जणांच्या गटात कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, हे सूत्राने सिद्ध करण्याऐवजी हजारो काल्पनिक गट संगणकावर तयार करून मोजता येते. गणित-३ मध्ये संभाव्यतेच्या प्रकरणावर मी अडखळले होते. तीच संकल्पना इथे वीस ओळींच्या प्रोग्रामने मला पहिल्यांदा समजली. हे पॉइंटरच्या हिशेबात कुठेही दिसत नाही, तरीही नमूद केल्यावाचून राहवत नाही.

पण हा अभ्यासक्रम ‘सोपा’ आहे का? व्हिडिओ समजायला सोपे आहेत, हे निश्चित. दर आठवड्याचे व्हिडिओ आणि असाइनमेंट यांना मला चार ते पाच तास लागत. बहुपर्यायी प्रश्नांबरोबर प्रोग्राम लिहिण्याच्या असाइनमेंटही असतात आणि तिथे सोपेपणा संपतो. आपण लिहिलेला प्रोग्राम आधी दिसणाऱ्या काही उदाहरणांवर तपासला जातो आणि नंतर न दिसणाऱ्या उदाहरणांवर. उत्तर बरोबर असूनही शेवटी एखादी रिकामी जागा किंवा जादा ओळ छापली गेली तर यंत्रणा तशी सूचना देते. यादी रिकामी असेल तर काय होईल, संख्या ऋण असेल तर काय होईल, याचा विचार न करता लिहिलेला प्रोग्राम दिसणाऱ्या उदाहरणांत उत्तीर्ण होतो आणि लपलेल्या उदाहरणांत पडतो. चौथ्या आठवड्यापर्यंत मला याचा त्रास झाला. त्यानंतर मी प्रत्येक प्रोग्राम स्वतःच्या पाच-सहा वेड्यावाकड्या उदाहरणांवर चालवून मगच पाठवू लागले. परीक्षेत संगणक समोर असला तरी प्रोग्राम चालवून पाहता येत नाही. दिलेल्या ओळी वाचून त्यांचे फलित काय येईल, ते डोक्यात किंवा कच्च्या कागदावर मांडावे लागते. ज्याने आठवड्यांमागून आठवडे स्वतः प्रोग्राम लिहिले आहेत, त्याला हे जमते.

मला असाइनमेंटमध्ये २३.५ आणि परीक्षेत ५८, असे एकूण ८१.५, म्हणजे पूर्णांकात ८२ मिळाले. आमच्या महाविद्यालयाच्या तक्त्यानुसार ८० ते ८९ म्हणजे ‘ए प्लस’, अर्थात ९ ग्रेड-गुण. माझ्या इतर कोणत्याही विषयात तोपर्यंत ९ आले नव्हते.

सहाव्या सत्रातील दुसरा अभ्यासक्रम मी वेगळ्या विचाराने घेतला आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप वाटतो. तो व्यवस्थापनाशी संबंधित होता. त्याचे नाव मी देत नाही, कारण उणीव अभ्यासक्रमात नव्हती, माझ्या हेतूत होती. ‘यात काहीच वाचावे लागत नाही, सगळी उत्तरे टेलिग्रामवर येतात’ असे वरच्या वर्गातील एकाने सांगितले आणि आमच्या वर्गातील अकरा जणांनी तो एकाच दिवशी निवडला. उत्तरे खरोखरच येत. बुधवारी रात्री मुदत संपे आणि मंगळवारी संध्याकाळी समूहावर दहाही प्रश्नांची उत्तरे फिरू लागत. पहिले काही आठवडे मी व्हिडिओ पाहिले, नंतर सबमिशन आणि ओरलच्या गर्दीत ते मागे पडले, आणि सात असाइनमेंट मी केवळ ती उत्तरे पाहून भरल्या. असाइनमेंटची सरासरी २५ पैकी २४ आली. परीक्षेत ७५ पैकी ३७ मिळाले.

त्या दोन आकड्यांमधील अंतरच या निवडीचे खरे परीक्षण आहे. परीक्षेतील प्रश्न असाइनमेंटच्याच विषयांवर होते, पण पर्याय एकमेकांच्या इतके जवळ होते, की संकल्पना वाचलेली असल्याशिवाय निवड करता येत नव्हती. एकूण ६१ आले, प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा शेराही आला, परंतु महाविद्यालयाच्या तक्त्यात ६१ म्हणजे ‘बी प्लस’, फक्त ७. आमच्या अकरा जणांपैकी दोघांना परीक्षेत २७ मिळाले. त्यांची बेरीज ५१ होत होती, तरीही ३० ची अट पूर्ण न झाल्यामुळे त्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही आणि तीन क्रेडिटची केटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला. ‘सोपा’ म्हणून घेतलेल्या विषयात केटी लागण्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे. त्यांतील एकीचा पॉइंटर ६.७ च्या आसपास होता आणि केटी असताना तिला त्या हंगामातील एकाही मुलाखतीला बसता आले नाही.

महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या दोन इलेक्टिव्हशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील, कारण मला सर्वात अनपेक्षित गोष्ट तिथेच कळली. पाचव्या सत्रात मी उद्योजकता विकास हा विषय घेतला होता. सर्वांच्या मते तो सर्वात स्कोअरिंग विषय होता: गणित नाही, आकृत्या नाहीत, गटाने सादरीकरण करायचे आणि नेहमीच्या पाच-सहा प्रश्नांची तयारी करायची. मला १०० पैकी ६८ मिळाले आणि श्रेणी आली ‘बी’, म्हणजे ६. सहाव्या सत्रात मी प्रशीतन आणि वातानुकूलन घेतले, ज्याला वर्गात सर्वजण कठीण म्हणत होते. सायक्रोमेट्रिक (हवेचे तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या) तक्त्यावरील उदाहरणे सोडवताना माझे कितीतरी रविवार गेले. मला ६६ मिळाले आणि श्रेणी आली ‘ए प्लस’, म्हणजे ९.

दोन गुण कमी आणि श्रेणी तीन पायऱ्या वर, हे कसे, असे मी परीक्षा विभागात जाऊन विचारले. उत्तर सरळ होते. आमच्याकडे वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांना सापेक्ष श्रेणी दिली जाते. म्हणजे आपले गुण वर्गाच्या सरासरीपासून किती वर किंवा खाली आहेत, त्यावर श्रेणी ठरते. उद्योजकतेत वर्गाची सरासरी ७१ होती, कारण सोपा विषय सर्वांनाच सोपा गेला होता, आणि मी सरासरीच्या खाली होते. वातानुकूलनात सरासरी ५४ होती आणि मी तिच्या बरीच वर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक पद्धतीत संस्थांना निरपेक्ष आणि सापेक्ष, दोन्ही प्रकारच्या श्रेणी देण्याची मुभा आहे. त्यामुळे कोणता विषय सोपा आहे, हे विचारण्याआधी ‘इथे श्रेणी कशी ठरते’ हे विचारायला हवे होते, आणि दोन वर्षांत हा प्रश्न मला किंवा माझ्या एकाही मैत्रिणीला सुचला नव्हता. ज्या विषयात सापेक्ष श्रेणी आहे, तिथे सर्वांनी सोपा म्हणून निवडलेला विषय हा श्रेणीसाठी सर्वात कठीण ठरू शकतो. एनपीटीईएलच्या गुणांना आमच्याकडे निरपेक्ष तक्ता लागतो. तिथे दुसऱ्याला किती मिळाले, याचा माझ्या श्रेणीशी संबंध नसतो, आणि पॉइंटरच्या दृष्टीने मला या सेवेचा सर्वात मोठा लाभ हाच वाटतो. ८० मिळवले की ९ मिळणार, हे पहिल्या आठवड्यापासून माहीत असते.

या सेवेच्या व्यावहारिक बाजूविषयी थोडे. अभ्यासक्रमात नाव नोंदवणे विनामूल्य आहे, परंतु परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करून शुल्क भरावे लागते. माझ्या वेळी ते प्रत्येक अभ्यासक्रमाला १,००० रुपये होते. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात निम्मी सवलत होती. नाव नोंदवले म्हणजे परीक्षेचीही नोंदणी झाली, असे समजून बसणारे विद्यार्थी दर सत्रात आढळतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. परीक्षेचे शहर अर्ज करतानाच निवडायचे असते आणि जवळच्या केंद्रावरील जागा भरून जातात, तेव्हा शुल्क शेवटच्या दिवसापर्यंत लांबवू नये. मला दोन्ही वेळा कोल्हापूरला जावे लागले. सकाळच्या सत्रासाठी पहाटे पाचची एसटी पकडावी लागली.

निकाल परीक्षेनंतर काही आठवड्यांनी येतो. पाचव्या सत्रात याचा मला त्रास झाला आणि तो आमच्या महाविद्यालयाच्या कार्यपद्धतीमुळे झाला, असे माझे मत आहे. पायथॉनचे प्रमाणपत्र माझ्या हाती आल्यानंतरही श्रेणी गुणपत्रिकेत नोंदवायला सव्वा महिना लागला. त्या काळात माझ्या गुणपत्रिकेवर त्या विषयापुढे ‘राखून ठेवला’ असा शेरा होता. एका इंटर्नशिपसाठी पूर्ण गुणपत्रिका हवी होती आणि ती मी वेळेत देऊ शकले नाही. विभागातील समन्वयक शिक्षकांना मी चार वेळा भेटले. ते प्रत्येक वेळी आस्थेने बोलले, पण नोंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. पुढील सत्रात ज्यांना नोकरीचा किंवा उच्च शिक्षणाचा अर्ज करायचा आहे, त्यांनी श्रेणी नोंदवण्याची पद्धत आधीच विचारून घ्यावी.

टेलिग्रामवरील उत्तरांविषयी मला थोडे अधिक गंभीरपणे लिहायचे आहे, कारण त्यात मी स्वतः सहभागी होते. ही उत्तरे केवळ अनैतिक आहेत, एवढाच मुद्दा नाही. ती विद्यार्थ्याकडून दर आठवड्याची सूचना हिरावून घेतात. पायथॉनमध्ये चौथ्या आठवड्यात दहापैकी सहा मिळाल्यावर मला कळले, की मला लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवण्याची रचना) नीट समजलेले नाही, आणि सुधारायला आठ आठवडे हातात होते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मला दर आठवड्याला दहापैकी दहा किंवा नऊ मिळत होते, त्यामुळे मला काहीच समजलेले नाही ही गोष्ट परीक्षाकेंद्रातील संगणकासमोर बसल्यावर कळली. बारा असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठच धरल्या जातात, म्हणजे चार वेळा चुकण्याची सोय या व्यवस्थेतच आहे. ती सोय असताना उत्तरे उसनी घेण्याची गरज नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक चांगली गोष्ट सांगायला हवी. अनेक एनपीटीईएल अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे लिखित रूप मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरित करून उपलब्ध करून दिले आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते आणि व्यवस्थापनासारख्या शब्दबहुल विषयात इंग्रजी व्याख्यान ऐकत राहणे मला थकवणारे वाटे. व्हिडिओ थांबवता येतो, वेग कमी करता येतो, खाली अक्षरे दिसतात, या सोयी वर्गात मिळत नाहीत. विषय निवडताना आपल्याला भाषेमुळे अवघड जाणारा विषय आणि गणितामुळे अवघड जाणारा विषय यांतील फरक ओळखावा. माझ्यासारखीला दोन पाने व्याख्या लिहिण्यापेक्षा एक उदाहरण सोडवणे सोपे जाते. उद्योजकता माझ्यासाठी कधीच सोपा विषय नव्हता. तो सोपा असल्याचे मी ऐकले होते, एवढेच.

माझा धाकटा भाऊ वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्याच्यापुढेही हाच प्रश्न आला. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार रचलेल्या पदवी अभ्यासक्रमात मुक्त इलेक्टिव्ह, म्हणजे ‘ओई’, आपल्या विद्याशाखेबाहेरून घ्यावे लागते. त्याच्या महाविद्यालयातील यादीत आहार आणि पोषण, मूलभूत संगणक आणि पर्यटन असे पर्याय होते. सगळा वर्ग पर्यटनाकडे गेला. मी त्याला परीक्षेचे स्वरूप, अंतर्गत गुणांचे प्रमाण आणि श्रेणीची पद्धत हे तीन प्रश्न विचारून यायला सांगितले. त्याने आहार आणि पोषण निवडले, कारण त्यात ओळीने चार लहान चाचण्या होत्या आणि तो थोडा-थोडा अभ्यास करणारा मुलगा आहे.

माझा हिशेब पूर्ण करते. चार इलेक्टिव्हमध्ये मला ६, ९, ७ आणि ९ मिळाले. चारही ठिकाणी ९ धरले होते, त्यापेक्षा पंधरा ग्रेड-गुण कमी. मुख्य विषयांत सरासरी ७.२५ आली आणि सहाव्या सत्राअखेर पॉइंटर ६.८२ झाला. ६.७५ ची रेषा ओलांडली. ज्या दोन विषयांनी ती ओलांडून दिली, त्यांतील एक एनपीटीईएलचा होता आणि दुसरा वर्गातील सर्वात कठीण समजला जाणारा. ‘सोपे’ म्हणून घेतलेल्या दोन विषयांनी अपेक्षेपेक्षा कमीच दिले.

एनपीटीईएलची सेवा मी पॉइंटरसाठी नक्की सुचवेन, पण ज्याला आठवड्यातून चार तास न चुकता देता येतात त्यालाच. ज्याची सवय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास करण्याची आहे, त्याला बारा आठवड्यांचे व्हिडिओ सात दिवसांत पाहणे झेपत नाही, आणि महाविद्यालयाच्या पेपरप्रमाणे ठरावीक प्रश्न काढून तयारी करण्याचा मार्गही इथे उपलब्ध नाही. ‘शून्य’ आठवड्याची असाइनमेंट गुणांत धरत नाहीत, तरीही ती सोडवावी. अभ्यासक्रमाला लागणारी पूर्वतयारी आपल्याकडे आहे की नाही, ते तिथे कळते. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात मी ती उघडूनही पाहिली नव्हती. सुरुवातीला दोन आठवड्यांचे व्हिडिओ पाहून मगच परीक्षेचे शुल्क भरावे, तेवढा अवधी मिळतो.

सातव्या सत्रासाठी मी एनपीटीईएलचाच बारा आठवड्यांचा सीएफडीचा (द्रव-वायूंच्या प्रवाहाचे संगणकावर गणन) अभ्यासक्रम घेतला आहे. वर्गातून तो घेणारे आम्ही तिघेच आहोत. शून्य आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये दहापैकी सात आले, पहिल्या आठवड्यात सहा आणि दुसऱ्यात आठ. आंशिक विकलक समीकरणांसाठी गणित-३ ची जुनी वही पुन्हा काढली आहे आणि समीकरणे मांडून पाहण्यासाठी पायथॉन वापरते आहे. टेलिग्रामचा तो समूह मी सोडला आहे. तिसऱ्या असाइनमेंटची मुदत या बुधवारी रात्री संपते.